मेगा इव्हेंटचं गणित

कतार सोडून जाताना लोक सोनं नेतात, अत्तर नेतात, खजुराचे डबे नेतात. मी किस्से नेणार आहे. त्यांना बॅगेज अलाउन्स लागत नाही म्हणून साठवत गेले, आणि आता अशी वेळ आलीये की कोणी नुसतं "काय चाललंय?" विचारलं तरी मी अर्धा तास बोलते. नवरा म्हणतो, "अगं, लोक विचारतात ते उत्तरासाठी नाही." पण तो गॅस कंपनीत आहे. त्यांच्याकडे काही घडलं की सायरन वाजतो. आमच्याकडे मीटिंग होते.

मी दोह्यात एका कम्युनिटी कॉलेजात ट्रान्स्फर ॲडव्हायजर आहे. दोन वर्षं आमच्याकडे शिकायचं, आणि मग ती क्रेडिट्स घेऊन मोठ्या युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला जाऊन बसायचं, अशी योजना. योजना उत्तम आहे. योजना उत्तमच असतात. कुठली युनिव्हर्सिटी आपल्याला घेईल हे विद्यार्थ्याला सांगायचं, हे माझं काम. खरं म्हणजे कुठली घेणार नाही हे सांगायचं, पण तसं व्हिजिटिंग कार्डावर लिहीत नाहीत.

शहराबाहेर एका भल्यामोठ्या कॅम्पसवर परदेशी नामवंत युनिव्हर्सिट्यांच्या शाखा आहेत. त्यातल्या इंजिनिअरिंगवाल्या एका युनिव्हर्सिटीला आम्ही ऑफिसात नुसतं "ती" म्हणायचो. सासूचा उल्लेख करतात ना, तसं. तिच्या ट्रान्स्फरच्या जागा मोजक्या, आणि आमचे सगळेच विद्यार्थी तिच्यासाठी झुरणारे.

हे सगळे किस्से फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतले. अख्खा देश तेव्हा खणून ठेवला होता, आणि काल ज्या राउंडअबाउटला वळसा घालून आलो तो आज जागेवर असेलच अशी खात्री नव्हती.

*

आपल्या मराठी मंडळींचं आमच्या कॉलेजबद्दल एक ठाम मत आहे: उत्तम कॉलेज आहे, दुसऱ्यांच्या मुलांसाठी.

ह्या मताचे अध्यक्ष म्हणजे बापटकाका. मूळ पुण्याचे, इथे मोठ्या हुद्द्यावर इंजिनिअर, आणि दोह्यातल्या यच्चयावत मराठी मुलांचे बिनपगारी करिअर सल्लागार. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद हातात पडायच्या आत सल्ला पडतो. "कम्युनिटी कॉलेज म्हणजे वेटिंग लिस्ट गं वैशाली," असं ते मला, तिथेच नोकरी करणारीला, प्रेमाने समजावून सांगायचे.

तर एका मंगळवारी सकाळी आमच्या वेटिंग रूममध्ये द पर्ल ह्या श्रीमंती वस्तीतल्या कारखानीसबाई येऊन बसल्या. काळा चष्मा, डोक्यावरून ओढणी. लपायला आलेलं माणूस जितकं उठून दिसतं तितक्या उठून दिसत होत्या. पाच मिनिटांनी दार उघडलं आणि आत आल्या बापटकाकू. तोच काळा चष्मा.

दोघींनी एकमेकींना पाहिलं. कारखानीसबाई आधी सावरल्या. म्हणाल्या, सहज आले हो, वैशालीकडे चहाला. बापटकाकूही चहालाच आल्या होत्या. इतक्या वर्षांत ह्या दोघींपैकी एकीलाही माझ्या चहाची आठवण झाली नव्हती. पण आता बोलल्याच आहेत म्हटल्यावर मी कडक चहा मागवला, बिस्किटं काढली, आणि आम्ही तिघी उकडीच्या मोदकाला कुठला तांदूळ चांगला ह्यावर चाळीस मिनिटं बोललो. बाहेर माझे विद्यार्थी रांगेत उभे.

दोघी गोड हसून एकदमच निघाल्या. मी खिडकीतून बघत होते. गाड्या शेजारीशेजारी लावलेल्या. दोघी आपापल्या गाडीत बसल्या, काचा वर केल्या, आणि माझे दोन्ही फोन एकदम वाजले.

"वैशाली, ॲडमिशनची शेवटची तारीख काय गं?"

मी दोघींना तीच तारीख सांगितली. बापटांचा रोहन आणि कारखानीसांची मुलगी, दोघंही त्या सेमिस्टरला आमच्याकडे दाखल झाली. मराठी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात बापटकाकांनी जाहीर केलं की रोहन सध्या ब्रेकवर आहे. स्ट्रॅटेजिक ब्रेक.

*

आमचे डीन. उंच, गोरे, सभ्य, आणि फुटबॉल हा हाताने खेळत नाहीत एवढंच त्यांना ठाऊक असावं. ते एका कॉन्फरन्सला गेले आणि अंगात वारं शिरल्यासारखे परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "वर्ल्ड कपसाठी आपलं योगदान काय?"

मग माझी सहकारी मरियम म्हणाली, "पार्किंग."

मरियम इथलीच, कतारी. काळा अबाया, हातात कायम चहाचा कप, आणि चेहरा असा की ती थट्टा करतेय की बातमी सांगतेय ते कळू नये. आमच्या कॉलेजजवळ खरंच एक स्टेडियम उठत होतं, त्यामुळे उत्तर बरोबर होतं. डीनना ते आवडलं नाही. त्यांनी आपलं योगदान आधीच ठरवून आणलं होतं. सगळ्या विषयांची नावं बदलायची!

इंग्लिश कॉम्पोझिशनचं झालं "फॅन कम्युनिकेशन". इकॉनॉमिक्सचं "तिकिटांचं अर्थशास्त्र". इतिहासाचं "रोड टू द कप", आता बोला. आणि कॅल्क्युलसचं नाव ठेवलं "मॅथेमॅटिक्स फॉर मेगा इव्हेंट्स".

गणित शिकवणारे पिल्लेसर केरळचे, निवृत्तीला टेकलेले. डीननी त्यांना विचारलं, तुमची काही हरकत? सर म्हणाले, "मुलं जुन्या नावालाही झोपायची, नव्या नावालाही झोपतील." त्यांनी पुस्तक तेच ठेवलं, नोट्स त्याच ठेवल्या, फळ्यावरचा शब्द पुसून दुसरा लिहिला, आणि शिकवायला लागले.

मी हात वर केला. म्हटलं, उद्या मुलं ट्रान्स्फरला जातील तेव्हा समोरच्या युनिव्हर्सिटीला हा विषय काय आहे ते कसं कळणार? डीन माझ्याकडे अशा करुणेने बघत राहिले की मलाच माझी कीव आली. म्हणाले, "वैशाली, आपण एका फार मोठ्या गोष्टीचा भाग होतोय."

मरियम माझ्या कानाशी पुटपुटली, "खलास."

*

शेळके आले ते एका धुळीच्या दिवशी. दुखानहून. दुखान म्हणजे पार पश्चिमेचा किनारा, जुनं तेलक्षेत्र, कंपनीची टाउनशिप. हे मूळचे राहुरीकडचे. फिटर म्हणून एकटे आले, सुपरवायझर झाले, मग बायको-मुलीला आणलं. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि बरोबर मुग्धा. बारीक चणीची, गप्प. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. बारावीच्या गणिताच्या पेपरला तापाने फणफणलेली, तरी जाऊन बसली, आणि जे व्हायचं ते झालं. "तिने" पहिल्या वर्षाला घेतलं नाही. मग मुग्धा आमच्याकडे आली आणि आता दुसरं वर्ष निम्मं संपलं होतं.

मी त्यांना आमचं माहितीपत्रक दिलं. चकचकीत कागद, वर फुटबॉल. आत लिहिलेलं, आमच्या विद्यार्थ्यांना सर्व नामवंत युनिव्हर्सिट्यांची दारं उघडी आहेत. शेळक्यांनी ते वाक्य बोट ठेवून वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, दार उघडं हाय ते खरं. पर आत कोन घेतंय का?"

इतकी वर्षं मी ह्या खुर्चीवर बसतेय. एवढा नेमका प्रश्न मला आमच्या एकाही मीटिंगमध्ये ऐकू आला नव्हता.

मी खरं ते सांगितलं. अवघड आहे. मार्क उत्तम आहेत, पण जागा थोड्या, आणि आधी आमचे सगळे विषय त्यांना मान्य व्हायला हवेत. शेळके म्हणाले, त्यांचं कॉन्ट्रॅक्ट येत्या उन्हाळ्यात संपतंय, पुढे वाढणार नाही. ते आणि बायको राहुरीला परत जाणार. पोरीला "तिने" घेतलं तर होस्टेल आहे, व्हिसा आहे, ती राहील. नाही घेतलं तर तीही परत. आणि तिकडे आमची ही दोन वर्षं कुठल्याही कॉलेजात धरत नाहीत. बारावी झालेल्या पोरांबरोबर पुन्हा पहिल्या वर्षापासून. दोन वर्षं पाण्यात.

मुग्धा सगळा वेळ टेबलाच्या कडेकडे बघत बसली होती. निघताना म्हणाली, "मॅम, आय डोन्ट वॉन्ट टू स्टार्ट ओव्हर."

शेळके तिला म्हणाले, "चल बाय, यल्ला." आणि माहितीपत्रक नीट घडी घालून खिशात ठेवलं.

*

दरवर्षी आमच्या हॉलमध्ये ट्रान्स्फर मेळा भरतो. मोठमोठ्या युनिव्हर्सिट्या टेबलं मांडतात, पेनं वाटतात, पिशव्या वाटतात, आणि ट्रान्स्फरचे विद्यार्थी आम्हाला किती आवडतात ते सांगतात. घेतात किती ते सांगत नाहीत. त्या वर्षी पिशवीवर फुटबॉल होता. सगळ्यांच्याच.

"तिच्या" टेबलावर एक हसरा तरुण होता. हसू इतकं पक्कं की जेवतानाही तसंच राहत असावं. मुग्धा रांगेत उभी राहिली, नंबर आल्यावर सरळ विचारलं, तुम्ही मागता ते सगळं माझ्याकडे असेल तर तुम्ही मला घ्याल का?

तो म्हणाला, आम्ही नुसते मार्क बघत नाही, आम्ही पूर्ण माणूस बघतो.

तिने पुन्हा विचारलं, पण घ्याल का? तो म्हणाला, तुझा प्रवास आम्हाला समजून घ्यायला आवडेल. तिने तिसऱ्यांदा विचारलं. मग त्याने तिला दुसरी पिशवी दिली.

ती माझ्याकडे आली आणि विचारलं, ह्याचा अर्थ काय? मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात मरियम म्हणाली, "पूर्ण माणूस बघतात आणि पूर्ण माणूस परत पाठवतात."

मुग्धा हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या दोन पिशव्यांतली एक शेळक्यांनी घेतली. पुढे मी त्यांना जेव्हा जेव्हा भेटले तेव्हा त्यांचा जेवणाचा डबा त्याच पिशवीत असायचा, ठेचा-भाकरीवर "तिचं" सोनेरी बोधचिन्ह.

*

अर्जाबरोबर एक निबंध लागतो. तुझ्या आयुष्याला वळण देणारा अनुभव.

त्या वर्षी अख्ख्या दोह्याच्या आयुष्याला एकच वळण होतं. मुख्य स्पर्धेआधी रंगीत तालीम म्हणून एक लहान स्पर्धा झाली होती, त्यात आमची सगळी मुलं व्हॉलंटियर. प्रत्येकाच्या निबंधात एक परदेशी म्हातारा, त्याला गेट सापडत नाहीये, लेखक त्याला पाण्याची बाटली देतो, आणि लेखकाला नेतृत्व म्हणजे काय ते कळतं. मी इतके निबंध वाचले की तो म्हातारा मला स्वप्नात दिसायला लागला. बिचाऱ्याला अजून गेट सापडलेलं नाही.

मराठी मुलांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी बापटकाकांनी एक नमुना निबंध तयार केला होता. त्यात भावना असावी म्हणून आजी घातली. सदाशिव पेठेतली आजी पहिल्यांदा टीव्हीवर फुटबॉल बघते आणि म्हणते, बाळा, पास देणं म्हणजेच संस्कार. काकांनी सांगितलं होतं की हा फक्त नमुना आहे, आपापले बदल करा. मुलांनी बदल केले. एकाने सदाशिव पेठेचं शिवाजी पार्क केलं. कारखानीसांच्या मुलीने आजीचे आजोबा केले. रोहनने काही बदलायचा कंटाळा केला.

मी काकांना फोन करून सांगितलं की तीन निबंधांत एकच आजी आहे, एकात आजोबा होऊन. काका म्हणाले, "जॉइंट फॅमिली असू शकते."

मुग्धाला मी म्हटलं, तूही वर्ल्ड कपवर काहीतरी लिहून टाक, सगळे लिहितात. ती म्हणाली, मी फुटबॉल बघत नाही. मी म्हटलं, अगं, लिहायला बघावं कशाला लागतं? पण ऐकेल तर शपथ.

तिने लिहिलं दुखानच्या रस्त्यावर. रोज पहाटे वडील तिला दोह्याला सोडतात. वडिलांची गाडी ऐंशीच्या वर जात नाही, गेली तर त्यांना पाप केल्यासारखं वाटतं. मागून मोठ्या पांढऱ्या गाड्या लाइट मारत अंगावर येतात. ती आरशात बघत बसते आणि मनात हिशोब करते: मागची गाडी किती वेगाने जवळ येतेय, तो वेग किती वेगाने वाढतोय, आणि बाबांनी लेन बदलावी असं त्यांना कधी सांगायचं. पिल्लेसरांनी वर्गात शिकवलेलं मला ह्या रस्त्यावर समजलं, असं लिहून निबंध संपवला होता. नेतृत्वाचं नाव नाही.

मी वाचला आणि एक शब्द बदलला नाही. मरियमला दाखवला. तिने चहाचा कप खाली ठेवला, जे ती सहसा करत नाही. मग म्हणाली, ती पांढरी गाडी बहुतेक माझ्या भावाची.

*

आणि मग "तिची" ई-मेल आली. मुग्धाच्या अर्जात एक अडचण होती. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला बसायला कॅल्क्युलस झालेलं लागतं. ते तिच्या गुणपत्रकात कुठे दिसत नाही. "मॅथेमॅटिक्स फॉर मेगा इव्हेंट्स" नावाचं काहीतरी दिसतं, ते कार्यक्रम-व्यवस्थापनाचं प्रशिक्षण असावं, त्याचं क्रेडिट देता येत नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ई-मेल वाचून मला रडू आलं, आणि मी सहसा ऑफिसात रडत नाही, घरी जाऊन नवऱ्यावर ओरडते. त्या पोरीने कॅल्क्युलसमध्ये पिल्लेसरांकडून असे मार्क मिळवले होते जे सर कोणालाच देत नाहीत. आणि ती नापास कशात, तर नावात!

मी डीनकडे गेले. म्हटलं, विषयाचं नाव परत बदला, निदान गुणपत्रकावर. डीनना फार वाईट वाटलं. खरंच वाटलं, मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं. पण गेटवर बॅनर लागला होता, माहितीपत्रक छापून झालं होतं, आणि फार वरची माणसं बघून खूश होऊन गेली होती. आता स्पर्धा संपेपर्यंत तरी हलवता येणार नाही. मात्र ते स्वतः तिच्यासाठी पत्र देतील म्हणाले, जोरदार पत्र.

दिलं. जोरदारच होतं. त्यात मुग्धा ही आमची स्ट्रायकर होती, तिने शेवटच्या मिनिटापर्यंत मैदान सोडलं नव्हतं, आणि प्रतिष्ठित युनिव्हर्सिटीने तिला संघात घेतल्यास विजय निश्चित होता. कॅल्क्युलस हा शब्द पानभर कुठेही नव्हता.

मी ते पत्र मरियमसमोर ठेवलं. तिने वाचलं, उलटं करून मागची बाजू बघितली, आणि फोन उचलला. इथे कुठलंच ऑफिस असं नाही जिथे मरियमचा एखादा चुलत भाऊ नाही. "तिच्या" ऑफिसातही होता. ती दोन मिनिटं अरबीत बोलली, त्यात दीड मिनिट एकमेकांच्या आयांची तब्येत. मग फोन ठेवून म्हणाली, एक प्रोफेसर मुग्धाला तोंडी तपासायला तयार आहे. रविवारी सकाळी (इथे कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो). त्यांनी हो म्हटलं तर क्रेडिट मिळेल, नाही तर विषय संपला. "भावाने फक्त दार उघडलंय," ती म्हणाली, "आत तिला एकटीलाच जायचंय."

मी दुखानला फोन लावला. शेळक्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की गाडी नेमकी कुठल्या गेटला लावायची.

*

शेळके शनिवारी दुपारी एकटेच गाडी घेऊन निघाले आणि दुखान ते कॅम्पस असा सबंध रस्ता तालीम म्हणून चालवून आले. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, सगळं पाठ. रविवारी सकाळी बापलेक निघाले, आणि शेवटचा राउंडअबाउट गायब! रातोरात उखडून नेलेला. जागेवर केशरी ड्रम, आणि एक बाण वाळवंटाकडे.

शेळक्यांनी बाणावर विश्वास ठेवला. सरळमार्गी माणूस. बाणाने त्यांना एका अर्धवट स्टेडियमला प्रदक्षिणा घालून परत दुखानच्या रस्त्याला लावलं. मला फोन आला तेव्हा वेळ उलटून गेली होती. शेळक्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता. म्हणाले, मॅडम, माझ्यामुळं पोरीचं गेलं. मागून मुग्धाचा आवाज आला, "बाबा, लेफ्ट. आता लेफ्ट घ्या." आणि फोन बंद झाला.

त्यानंतर दुपारपर्यंत मी तीन विद्यार्थ्यांना चुकीचा सल्ला दिला असणार. दुपारी कळलं की मुग्धा पोचली तेव्हा प्रोफेसरांच्या खोलीला कुलूपच होतं. तेही त्याच बाणाने स्टेडियमला प्रदक्षिणा घालत होते. ती बाहेर बाकावर तासभर बसून होती, मग ते धुळीने माखून आले आणि तिचीच माफी मागितली. आत काय झालं ते विचारलं तर म्हणाली, "इट वॉज ओके, मॅम." ह्या पिढीचं ओके म्हणजे पास की फाशी, काही कळत नाही.

मग नुसती वाट बघणं. समैस्माच्या किनाऱ्यावर मंडळाची सहल झाली, तिथे बापटकाकांनी हातात कणीस घेऊन शेळक्यांना समजावलं की ती युनिव्हर्सिटी ट्रान्स्फरवाल्यांना घेतच नाही, नुसतं झुलवते, तुम्ही राहुरीला डिप्लोमाचं बघा. शेळके शांतपणे "व्हय, व्हय" म्हणत राहिले. मला ते कणीस काढून घ्यावंसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात, ऑफिस सुटायच्या सुमाराला, दुखानहून फोन आला. मी हॅलो, हॅलो करत राहिले. मग शेळक्यांचा आवाज.

"मॅडम. आत घेतलं."

त्यांना रडू फुटलं होतं, आणि मलाही. मरियम माझ्याकडे बघून नुसती भुवयांनी विचारत होती. मी मान हलवली. तिने हात वर करून "हमदुलिल्ला" म्हटलं आणि सगळ्या ऑफिसला चहा सांगितला.

सहा वाजता बापटकाकांचा फोन. अभिनंदन वगैरे झालं, मी म्हणतच होतो मुलगी चमकणार, ते झालं. मग आवाज खाली आणून विचारलं, "वैशाली, रोहनचंही गणित तेच आहे ना गं, मेगा का काय ते? त्या प्रोफेसरांनी आत नेमकं काय विचारलं?"

*

आत नेमकं काय विचारलं ते आम्हाला शेळक्यांच्या घरी कळलं. गावी परतायच्या आधी त्यांनी मला आणि मरियमला दुखानला जेवायला बोलावलं. अर्ध्या घराची खोकी बांधून झालेली, एकावर लिहिलेलं "देव, मिक्सर". वहिनींनी पुरणपोळ्या केल्या होत्या. मरियम तिसरी पोळी मोडत म्हणाली, आता तरी सांग.

मुग्धा म्हणाली, सांगण्यासारखं फार काही नव्हतं. प्रोफेसर म्हातारे, कडक. त्यांनी फळ्यावर गणितं घातली, तिने सोडवली. अवघड घातली, तीही सोडवली. मग त्यांनी टेबलावरचं तिचं गुणपत्रक उचललं, चष्मा कपाळावर चढवला, आणि म्हणाले, हे तर कॅल्क्युलस आहे. ती म्हणाली, हो. मग त्याला मॅथेमॅटिक्स फॉर मेगा इव्हेंट्स का म्हणतात? कुठलं जबाबदार कॉलेज असं करतं?

बाहेर बाकावर ती तासभर त्यांच्या दारासमोरच बसलेली. दारावर नवीकोरी पितळी पाटी, वरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं. तिच्यावर त्यांचं नाव, आणि खाली मोठ्या अक्षरांत, "प्रोफेसर, स्टेडियम ॲनालिटिक्स अँड फॅन एक्सपीरियन्स".

म्हणून तिने त्यांनाच विचारलं, "सर, तुम्ही काय शिकवता?"

प्रोफेसरांनी दाराकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. उठले, दार नीट लावून घेतलं, परत खुर्चीत येऊन बसले, आणि हळूच म्हणाले, "कॅल्क्युलस."